नदीकाठची शब्दसंपत्ती : गळ, डोह आणि मासोळी

प्रास्ताविक

मागील घटकात आपण प्रमाण भाषा आणि बोली यांचा परस्परसंबंध पाहिला. या घटकात एखाद्या व्यवहारक्षेत्राची शब्दसंपत्ती कशी घडते, ती कोणत्या वाटांनी येते आणि कशी नाहीशी होते, याचा विचार करायचा आहे. त्यासाठी शेती, सुतारकाम, कुंभारकाम असे कोणतेही क्षेत्र निवडता आले असते. मी नदीवरची मासेमारी निवडली आहे आणि तिचे कारण शास्त्रीय नाही, हे आधीच सांगितलेले बरे. माझे बालपण कामठीला, कन्हान नदीच्या काठी गेले. भाषाविज्ञानाचे पहिले धडे मी त्या काठावर गिरवले. ते भाषाविज्ञान होते हे मात्र पुष्कळ वर्षांनी कळले.

कन्हान ही सातपुड्यातून, मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातून येणारी नदी. कामठीच्या थोडे वर, बिना या गावाजवळ, तिला पेंच आणि कोलार या नद्या मिळतात. नागपूर शहराला जिने नाव दिले ती नाग नदीही पुढे कन्हानलाच जाऊन मिळते. कन्हान भंडारा जिल्ह्यात वैनगंगेत विलीन होते. वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीला जाते. म्हणजे आम्ही मुले ज्या पाण्यात गळ टाकून बसत होतो ते पाणी अखेरीस बंगालच्या उपसागराचे. ही माहिती भूगोलाच्या पुस्तकात होती; काठावर बसल्यावर ती कोणालाच आठवत नसे.

आमची सामग्री अगदी साधी होती. एक बांबूची काठी, तिला बांधलेला नायलॉनचा दोरा, ज्याला सगळे ‘तंगूस’ म्हणत, बाजारातून आणलेला एखादा गळ आणि ज्वारीच्या धांड्याचा बोटभर तुकडा. धांडा हलका असतो, पाण्यावर तरंगतो. मासा गळाला तोंड लावी तेव्हा तो थरथरे आणि मग बुडे. या तरंगत्या तुकड्याला आमच्याकडे वेगळे नाव नव्हते. ‘धांडा बुडाला बे!’ एवढेच कोणी तरी ओरडे आणि सर्वांना सर्व समजे. वस्तूला तिच्या द्रव्याचे नाव मिळणे, ही शब्दनिर्मितीची फार जुनी रीत आहे. पेला कशाचाही असो, त्याला आपण ‘ग्लास’ म्हणजे काच म्हणतो आणि पुढे न अडखळता ‘स्टीलचा ग्लास’ असेही म्हणतो, तेव्हा हीच रीत वापरतो. पुढे एका मुलाने मोराच्या पिसाचा दांडा आणला. त्यालाही आम्ही ‘धांडा’च म्हणू लागलो. द्रव्य बदलले, नाव तसेच राहिले. शब्दाचा अर्थविस्तार आमच्या डोळ्यांसमोर झाला.

एक शब्द, तीन वाटा

आता मुख्य शब्दाकडे वळू. संस्कृतातील ‘मत्स्य’ या एका शब्दाची तीन रूपे नागपूरच्या परिसरात आजही एकाच वेळी वापरात आहेत, आणि तत्सम, तद्भव व परभाषीय शब्द हा भेद समजावून घेण्यासाठी यापेक्षा सोयीचे उदाहरण मला सापडलेले नाही.

पहिले रूप म्हणजे ‘मत्स्य’ स्वतः. ‘मत्स्यव्यवसाय’, ‘मत्स्यबीज’, ‘मत्स्योत्पादन’ हे शब्द शासकीय कार्यालयाच्या पाटीवर, अर्जावर, योजनेच्या नावात असतात. हा तत्सम शब्द लोकांच्या तोंडून आलेला नाही, ग्रंथातून आलेला आहे. काठावर बसलेला कोणीही ‘मला मत्स्य लागला’ असे म्हणत नाही.

दुसरे रूप ‘मासा’. हे तद्भव आहे. संस्कृत ‘मत्स्य’चे प्राकृतात ‘मच्छ’ झाले. प्राकृतातील ‘छ’ आणि ‘च्छ’ मराठीत येताना बहुधा ‘स’ किंवा ‘श’ होतात, आणि जोडाक्षर सुटताना आधीचा ऱ्हस्व स्वर दीर्घ होतो. म्हणून ‘मच्छ’पासून ‘मास-’ आणि त्यापासून ‘मासा’. हा नियम एका शब्दापुरता नाही. ‘वत्स’चे ‘वच्छ’ आणि त्यावरून ‘वासरू’; ‘इक्षु’चे ‘उच्छु’ आणि त्यावरून ‘ऊस’; ‘क्षेत्र’चे ‘छेत्त’ आणि त्यावरून ‘शेत’; ‘छुरिका’वरून ‘सुरी’. हिंदीत मात्र ‘छ’ टिकला. म्हणून त्यांचे ‘बछड़ा’, ‘छुरी’, ‘मछली’ आणि आपले ‘वासरू’, ‘सुरी’, ‘मासळी’. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच अभ्यासकाने मराठी भाषेच्या विकासाची जी मांडणी केली तिच्यात अशा ध्वनिपरिवर्तनांना महत्त्वाचे स्थान आहे. दोन शेजारी भाषा एकाच आईच्या मुली असल्या तरी त्यांचे चेहरे वेगळे का, याचे उत्तर अशा लहान लहान नियमांत असते.

तिसरे रूप ‘मच्छी’. हा शब्द हिंदीकडून परत आलेला आहे. ज्या ‘छ’चा मराठीने एकदा ‘स’ केला तोच ‘छ’ बाजाराच्या वाटेने पुन्हा घरात आला. मुंबईतही ‘मच्छी’ आहे. पण नागपुरात तो एकटा नाही. गळाला लावायच्या किड्याला प्रमाण मराठीत ‘गांडूळ’ म्हणतात, महाराष्ट्रात ठिकठिकाणी ‘शिदोड’, ‘दानवे’, ‘काडू’ असे शब्द ऐकू येतात. आमच्या टोळीत मात्र निम्मी मुले हिंदीप्रमाणे ‘केचवा’ म्हणत. याला इतिहास आहे. नागपूर १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी होते आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत ते मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांच्या प्रांताचे मुख्य शहर राहिले. कामठी तर १८२१ पासूनची लष्करी छावणी. तिथे तर देशभरच्या भाषा कानावर पडत. अशा ठिकाणी शब्द परका आहे की आपला, हे बोलणाऱ्याला विचारून कळत नाही. त्याच्या दृष्टीने तो त्याच्या आईचा शब्द असतो.

‘मासा’ या रूपात आणखी एक गंमत आहे. ‘मासा’चे सामान्यरूप ‘मासा-’ होत नाही, ‘माशा-’ होते : माशाला, माशाचा. ‘घोडा’चे ‘घोड्याला’ होते, तेथे ‘य’ स्पष्ट ऐकू येतो. ‘मासा’, ‘पैसा’, ‘ससा’ या शब्दांत तो ‘य’ आधीच्या ‘स’मध्ये मिसळून गेला आणि त्या ‘स’ला ‘श’ करून गेला. लहान मूल ‘मासाला’ म्हणते तेव्हा आपण त्याला दुरुस्त करतो. वस्तुतः त्या मुलाने नियम बरोबर ओळखलेला असतो, अपवाद तेवढा त्याच्या कानावर पुरेसा पडलेला नसतो.

मासोळी, मासोयी, मासोरी

बोलीभेदाचा विचार करताना ‘ळ’ या व्यंजनाकडे लक्ष द्यावे. नागपूर हे या बाबतीत सीमेवरचे शहर आहे. पश्चिमेकडे, वऱ्हाडात आणि नागपुरी बोलीच्या बऱ्याच भागात, ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो : डोळा–डोया, काळा–काया. पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा काही भाग येथे झाडीबोली आहे. तेथे ‘ळ’च्या जागी ‘र’ येतो : डोरा, कारा. झाडीबोलीत ‘ण’, ‘श’, ‘छ’ हेही नाहीत. तेथे पाणी ‘पानी’ होते आणि माशाला ‘मासाले’ होते. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीची वैशिष्ट्ये परिश्रमपूर्वक नोंदवून तिला अभ्यासाच्या नकाशावर आणले. त्यापूर्वी ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०५ मधील मराठीविषयक सातव्या खंडात वऱ्हाडी आणि नागपुरीच्या नोंदी आल्या होत्या.

या नियमाने एकच मासोळी नदी उतरत जाताना वेष बदलते. पुस्तकात ‘मासोळी’, कामठीच्या घाटावर ‘मासोयी’, वैनगंगेच्या पलीकडे ‘मासोरी’. पाणी तेच, मासाही तोच. शाळेत मी एकदा निबंधात ‘मासोया’ लिहिले. गुरुजींनी तो शब्द लाल शाईने खोडला आणि माझ्याकडून ‘मासोळ्या’ पन्नास वेळा लिहून घेतले. गुरुजींचा हेतू वाईट नव्हता. त्यांना आम्हाला परीक्षेत पास करायचे होते. पण त्या दिवसापासून दोन भाषा झाल्या, एक वहीत आणि एक नदीवर. आणि नदीवरची भाषा चुकीची आहे असे मी कितीतरी वर्षे मानत होतो. आपल्यापैकी अनेकांचा अनुभव याहून निराळा नसेल.

आता ‘गळ’ घ्या. नियमाप्रमाणे तो ‘गय’ होतो. मराठीत दुसरा एक ‘गय’ आहेच, ‘गय करणे’ म्हणजे दयामाया दाखवणे, सोडून देणे. प्रमाण भाषेत गळ आणि गय हे दोन निराळे शब्द. आमच्या बोलीत त्यांचा उच्चार एकच. ‘गय टाक’ हे मी शेकडो वेळा ऐकले, पण त्यातली विसंगती कधी जाणवली नाही, कारण संदर्भ अर्थ ठरवतो. दोन ध्वनी एक झाले म्हणजे भाषेत गोंधळ माजेल, अशी भीती जे बोलून दाखवतात त्यांनी एक दिवस घाटावर बसावे.

‘गळ’ या शब्दाबाबत परीक्षेत हमखास होणारी एक चूक येथेच दुरुस्त करू. ‘गळाला लागणे’, ‘गळ टाकणे’ हे वाक्प्रचार मासेमारीतून आले आहेत, यात शंका नाही. पण ‘त्याने मला गळ घातली’ म्हणजे फार आग्रह केला, येथील ‘गळ’ तोच असेल का? पुष्कळ विद्यार्थी तसे लिहितात, आणि आग्रहाने माणूस गळाला लागतो असे सुंदर स्पष्टीकरणही देतात. लिंगाकडे पाहा. मासे धरायचा गळ पुल्लिंगी आहे : गळ टाकला, गळ तुटला. आग्रहाची गळ स्त्रीलिंगी आहे : गळ घातली. ‘माझ्या गळी उतरवले’ येथे आणखी तिसरे, ‘गळा’ या शब्दाचे रूप आहे. अर्थ जुळतो म्हणून शब्द एक मानणे याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. ती चुकीची असली तरी टाकाऊ नसते. लोक शब्दाकडे कसे पाहतात हे तिच्यातून कळते. मात्र उत्तरपत्रिकेत व्याकरणाचा पुरावा आधी द्यावा.

‘आमिष’ या शब्दाचा प्रवासही असाच पाहण्यासारखा आहे. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ मांस. ‘निरामिष’ भोजनात तो अर्थ अजून टिकून आहे. मांसाचा तुकडा गळाला लावतात म्हणून आमिष म्हणजे गळाला लावायचे खाद्य, आणि तेथून आमिष म्हणजे लालूच. आज वर्तमानपत्रात ‘नोकरीचे आमिष’, ‘जादा व्याजाचे आमिष’ हे शब्दप्रयोग रोज येतात आणि त्यात नदी कोठेच उरलेली नाही. आम्ही मात्र काठावर ‘आमिष’ कधीच म्हटले नाही. आम्ही ‘चारा’ म्हणत होतो. जो शब्द व्यवहारातून सुटतो तो अलंकारात जाऊन बसतो, असे अनेकदा घडते.

नावे कोण ठेवतो?

माशांच्या नावांचा विचार करताना नाव ठेवणारा कोण, हा प्रश्न टाळता येत नाही. इंग्लंडमध्ये हौसेने गळ टाकणाऱ्यांनी गोड्या पाण्यातील माशांची विभागणी केली. सामन आणि ट्राउट हे एका बाजूला. बाकीचे सर्व ‘कोर्स’, म्हणजे भरड. मासा खवल्यांनी भरड नव्हता, प्रतिष्ठेने भरड होता. साहेबाने ही दृष्टी भारतातही आणली. हेन्री सलिव्हन थॉमस यांचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ साली निघाले. त्यात मानाचे पान महसीरला आहे. त्या हिशेबाने आमच्या काठीला लागणाऱ्या खवल्या आणि वाम भरडच ठरतात. पण मराठीत या विभागणीला शब्द नाही, कारण तिची गरज पडली नाही. ज्याला दुपारच्या कालवणाची काळजी आहे तो माशाची प्रतिष्ठा पाहत नाही. त्याला काटे किती, चव कशी आणि तो डोहात राहतो की चिखलात, हे कळावे लागते.

म्हणून आपली नावे बहुधा अंगलक्षणावरून आणि वागण्यावरून आहेत. खवल्यांवरून ‘खवली’. काट्यांवरून, म्हणजे शिंगांवरून, ‘शिंगाडा’ किंवा ‘शिंगाळा’. तलावात पिकणारे फळही शिंगाडाच. संस्कृत ‘शृंगाटक’ या नावातही शिंग आहे. एक मासा आणि एक फळ, दोघांनाही शिंगे असल्यामुळे एका नावाची झाली. पावसाळ्याच्या आरंभी पाण्याच्या प्रवाहाविरुद्ध चढून येणाऱ्या माशांना देशावर ‘चढणीचे मासे’ म्हणतात, कोकणात ‘वलगणीचे मासे’ म्हणतात. येथे जातीचे नाव महत्त्वाचे नाही, ऋतू आणि दिशा महत्त्वाची आहे. आमच्याकडे नुसते ‘पयल्या पान्याच्या मासोया’ म्हणत, आणि त्या शब्दांबरोबर तो वासही येई.

काही नावे मात्र माशाबरोबर बाहेरून आली. १९५७ साली हिरालाल चौधुरी यांनी कार्प माशांच्या प्रेरित प्रजननाचा प्रयोग यशस्वी केला आणि पुढे कतला, रोहू, मृगळ यांचे बीज गावोगावच्या तलावांत पोहोचले. ‘कतला’ हे बंगाली वळणाचे नाव त्याबरोबर आले. १९५२ मध्ये भारतात आणलेल्या आफ्रिकेच्या तिलापियाचे लोकांनी ‘चिलापी’ केले. ‘इ’ या तालव्य स्वराआधी ‘त’चा ‘च’ होणे ध्वनिशास्त्राला धरूनच आहे. ‘थाई मांगूर’ नावाचा मासा तर मुळात आफ्रिकेचा. नाव थायलंडचे आणि ‘मांगूर’ आपला. नाव वस्तूचे वर्णन करतेच असे नाही, पुष्कळदा ती वस्तू कोणत्या वाटेने आली एवढेच सांगते.

ही विद्या ज्यांची, त्यांच्या नावांकडेही पाहिले पाहिजे. पश्चिम महाराष्ट्रातील वाचकाला मासेमार म्हटले की ‘कोळी’ आठवतो. जाळे विणणाऱ्या कीटकालाही मराठीत कोळीच म्हणतात. नागपूर–भंडाऱ्याकडे हे काम प्रामुख्याने ढीवर आणि भोई समाजाचे. ‘ढीवर’ हा संस्कृत ‘धीवर’चाच अवतार आहे, आरंभीचा दंत्य ‘ध’ तेवढा मूर्धन्य झाला. कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतल’ नाटकाच्या सहाव्या अंकात राजाची अंगठी रोहित माशाच्या पोटातून काढणारा धीवर आपणास भेटतो. राजा संस्कृत बोलतो. धीवर मागधी प्राकृत बोलतो, आणि रक्षक त्याला चोर समजून दरडावतात. बोलीवरून माणसाची पायरी ठरवण्याची सवय किती जुनी आहे, याचा तो पुरावा आहे. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ मधील मध्य प्रांतातील जातीजमातींवरील ग्रंथात मासेमारीबरोबर पालखी वाहणे, पाणी भरणे, शिंगाडे पिकवणे ही या समाजाची कामे नोंदवली आहेत. शब्दांची नोंद मात्र त्या मानाने थोडी. ती उणीव पुढे मारुती चितमपल्ली यांनी पुष्कळ भरून काढली. वनाधिकारी म्हणून नवेगावबांधच्या परिसरात राहताना त्यांनी ढीवरांकडून, गोंडांकडून ऐकलेले ज्ञान लिहून ठेवले. ‘पक्षिकोश’ आणि ‘मत्स्यकोश’ ही त्यांची कामे कोशवाङ्मयात मोडतात, पण त्यांची मुळे अशा गप्पांत आहेत.

वहीतील रिकामा रकाना

आता माझ्या स्वतःच्या एका चुकीविषयी. अभ्यासपद्धतीच्या पुस्तकात अशी उदाहरणे सहसा नसतात, म्हणून ती येथे सविस्तर देतो.

आम्हा मुलांना गळ बांधायला एका वृद्ध ढीवराने शिकवले. आम्ही त्यांना ‘आबाजी’ म्हणत होतो. त्यांचे स्वतःचे काम जाळ्याचे होते. काठी घेऊन बसणे त्यांना पोरखेळ वाटे. तरी ते येऊन बसत आणि धांड्याकडे पाहून पाण्याखाली कोण आहे ते सांगत. त्यांचे एक वाक्य मला जसेच्या तसे आठवते : ‘खवली टोकरते, मरय गियते, अन् वाम नुसती घेऊन जाते.’ मरळ गिळते, म्हणजे धांडा एकदम नाहीसा होतो. खवली टोकरते, म्हणजे तो थरथरत राहतो. वाम घेऊन जाते, म्हणजे तो न बुडता तिरपा चालू लागतो. तीन मासे, तीन क्रियापदे. पाण्याखालचे न दिसणारे जग त्यांनी क्रियापदांनी ओळखले होते.

नव्वदच्या दशकात, संशोधन करीत असताना, मी व्यवसायबोलीची सामग्री गोळा करण्यासाठी आबाजींकडे गेलो. हातात वही होती, आखलेले रकाने होते. मी एकेक वस्तू दाखवून विचारत गेलो : ‘याला काय म्हणता?’ त्यांनी सांगितले, मी लिहिले. साठेक शब्द झाले. जाळ्याचे भाग, होडीचे भाग, माशांची नावे. सर्व नामे. तसा प्रश्न विचारल्यावर नामाखेरीज दुसरे काय मिळणार?

आणखी एक गोष्ट घडत होती. वही उघडली की आबाजींची भाषा बदले. ते प्रयत्नपूर्वक ‘ळ’ उच्चारू लागत, आणि जेथे ‘ळ’ नाही तेथेही तो घालत. ‘बसायची सोय’ त्यांच्या तोंडी ‘बसायची सोळ’ झाली. याला अतिशुद्धीकरण म्हणतात. बोलणारा आपल्या उच्चाराला चुकीचे समजतो, दुरुस्तीचा नियम ओढून धरतो आणि तो गरजेपेक्षा पुढे जातो. विल्यम लबाव या अमेरिकन समाजभाषावैज्ञानिकाने निरीक्षकाचा विरोधाभास सांगितला आहे : लोक निरीक्षण होत नसताना कसे बोलतात ते आपल्याला हवे असते, पण ते निरीक्षण केल्याशिवाय मिळत नाही. मी ते पुस्तकात वाचले होते. समोर म्हातारा माणूस माझ्यासाठी आपली जीभ वाकवत होता आणि मला त्यात एक चांगले उदाहरण मिळाल्याचा आनंद होत होता, हे आज लिहिताना बरे वाटत नाही. लाल शाईची ती वही या वेळी माझ्या हातात होती.

वही मिटताना आबाजी म्हणाले, ‘मासोयी कशी घेते थे नाई लिहत का बाबू?’ मी म्हणालो, ‘थे नंतर लिवतो, आबाजी.’ माझा आराखडा नामांचा होता. क्रियापदांना त्यात रकाना नव्हता.

दोन वर्षांनी मी पुन्हा गेलो तेव्हा आबाजी नव्हते. त्यांचा मुलगा भेटला. तो ऑटो चालवत होता. त्याला पुष्कळशी नावे ठाऊक होती, कारण घरात जाळे होते, वस्तू होत्या. मासा गळाला कसा लागतो याचे शब्द मात्र त्याला सांगता आले नाहीत. तो कधी बसलाच नव्हता. त्यात त्याचा दोष नाही. रेतीच्या उपशाने डोह उथळ झाले होते, नदीच्या पाण्याचा रंग बदलला होता, आणि खाली वैनगंगेवर १९८८ साली पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाचे काम चालले होते. धरणाच्या भिंतीपुढे चढणीचा मासा चढू शकत नाही; मग ‘चढणीचा’ या विशेषणालाही काही काम उरत नाही.

नाम वस्तूला चिकटलेले असते. वस्तू घरात असेपर्यंत ते टिकते. क्रियापद कृतीला चिकटलेले असते, आणि कृती थांबली की पहिल्यांदा तेच जाते. माझ्या प्रबंधात साठ नामे आहेत. आबाजींची जी तीन क्रियापदे माझ्याजवळ आहेत ती वहीतून आलेली नाहीत, दहा वर्षांच्या मुलाच्या कानातून आली आहेत. चौथे क्रियापद कोणते होते ते मला आठवत नाही. शिंगाड्याविषयी ते काही तरी म्हणत असत, एवढे आठवते.

स्थलनामांचे तसे नाही, ती अधिक चिवट असतात. पेंच नदीवरील ‘तोतलाडोह’ हे नाव पाहा. तेथे आज मोठे धरण आहे, मैलोगणती पाणी आहे. नावात मात्र ‘डोह’ अजून आहे. संस्कृत ‘ह्रद’मधील ध्वनींची अदलाबदल होऊन ‘द्रह’ आणि त्यावरून ‘डोह’, अशी या शब्दाची व्युत्पत्ती मांडली जाते. डोह बुडाला, शब्द तरंगत राहिला.

क्षेत्रकार्य

या घटकाचा गृहपाठ घरी बसून होणार नाही. आपल्या गावातील किंवा वस्तीतील हाताने काम करणारी एक व्यक्ती निवडा. ती मासेमार असलीच पाहिजे असे नाही. सुतार, परीट, पाथरवट, स्वयंपाकाचे काम करणारी बाई, घरातील आजी, कोणीही चालेल. आपल्यापैकी अनेक जण स्वतःच अशी कामे करता आणि नोकरी सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करत आहात. तुम्ही स्वतःची किंवा सहकाऱ्याची भाषाही निवडू शकता.

पहिल्या भेटीत वही काढू नका. काम चालू असताना पाहा आणि ऐका. दुसऱ्या भेटीत ‘याला काय म्हणता?’ हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी विचारा : हे आता काय करते आहे? बिघडले तर काय होते? झाले हे कशावरून कळते? तव्यावरची भाकरी ‘फुगते’, दूध ‘नासते’, मडके ‘चरते’, लाकूड ‘उलते’. अशी किमान पंधरा क्रियापदे, ती ज्या वाक्यात ऐकली त्या वाक्यांसह, ऐकली तशी लिहा. उच्चार दुरुस्त करू नका. ‘ळ’च्या जागी ‘य’, ‘र’ किंवा ‘ल’ ऐकू आला तर तोच लिहा. बोलणारी व्यक्ती तुमच्यासमोर उच्चार बदलते आहे असे वाटले तर वही मिटवून चहा घ्या आणि ती गोष्टही नंतर नोंदवा.

वहीच्या डाव्या पानावर नामे आणि उजव्या पानावर क्रियापदे लिहावीत. उजवे पान आधी भरावे. पूर्ण झालेली वही संपर्क सत्राच्या वेळी अभ्यासकेंद्रावर आणावी. शिंगाड्यासाठीचे क्रियापद कोणाला मिळाल्यास ते मला स्वतंत्र कागदावर लिहून द्यावे.